एका तारेवर शिकलेला माणूस

इलेक्ट्रिक गिटार शिकायला बसलेले पोरगे, मग ते सिएटलचे असो, लंडनचे असो की मुंबईचे, आज ना उद्या एका गाण्यापाशी येऊन थांबते. त्या गाण्याचे नाव पर्पल हेझ. १७ मार्च १९६७ रोजी इंग्लंडमध्ये त्याची तबकडी निघाली. गाणे पुरते तीन मिनिटांचेही नाही. पण सायकेडेलिक रॉक म्हटले की सगळ्यात आधी ज्या गाण्यांची नावे निघतात, त्यात हे एक. स्वप्न, भास, भोवंडलेले मन यांचा आवाज वाद्यांतून आणि यंत्रांतून उभा करणारे ते संगीत १९६० च्या दशकात जन्मले आणि त्या काळच्या अमली पदार्थांशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले.

हे गाणे बांधणारा, गाणारा आणि वाजवणारा माणूस म्हणजे जिमी हेंड्रिक्स. त्याच्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली, हे सारे त्याला नशेत सुचले. दुसरी, त्याच्या बोटांत दैवी देणगी होती. वरवर पाहता एक निंदा आहे आणि दुसरी स्तुती. वास्तविक दोन्हींचे काम एकच. दोन्ही मिळून त्या माणसाचे कष्ट पुसून टाकतात. काळ्या माणसाने काही मोठे केले तर ते एक तर व्यसनाने, नाही तर चमत्काराने. अभ्यासाने केले, बुद्धीने केले, असे म्हणायला कित्येकांची जीभ रेटत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ते गाणे नुसते ऐकू नका, शिकायला बसा. चार दिवसांत बोटे सांगतील की यात चमत्कार कुठेच नाही. आहे ती वर्षानुवर्षांची मेहनत, आणि त्या मेहनतीमागे एक अख्खा समाज.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा लढा आपल्या वाचकांना परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांसमोर ठेवून. तिथले नेते आपल्याला ठाऊक आहेत, तिथले लढे ठाऊक आहेत. त्याच काळात त्याच समाजातून आलेला हा वादक मात्र आपल्याकडे टी-शर्टवरच्या चित्रापलीकडे फारसा पोहोचलेला नाही.

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी सिएटल शहरात त्याचा जन्म झाला. आई ल्युसिल तेव्हा अवघ्या सतरा वर्षांची. बाप अ‍ॅल सैन्यात, दूर अलाबामात. मूल जन्मले तेव्हा त्याला घरी यायला रजा तर मिळाली नाहीच, उलट हा पळून जाईल म्हणून त्याला लष्करी कोठडीत ठेवले गेले. आईने मुलाचे नाव जॉनी अ‍ॅलन ठेवले होते. युद्ध संपल्यावर बाप परतला आणि १९४६ साली ते बदलून जेम्स मार्शल असे केले. आजी-आजोबा एकेकाळी काळ्या कलावंतांच्या फिरत्या नाटकमंडळीत होते, पण घरात त्या कलेचा पैसा नव्हता. अ‍ॅल बागकामाची आणि पडेल ती मजुरी करी. दारिद्र्य, दारू आणि भांडणे यांत संसार मोडला. १९५१ साली आईबाप विभक्त झाले. धाकटी भावंडे एकेक करून सरकारी व्यवस्थेमार्फत दुसऱ्यांच्या घरी गेली. २ फेब्रुवारी १९५८ रोजी आई वारली, तेव्हा जिमी पंधरा वर्षांचा होता.

शाळेत हा मुलगा केरसुणी घेऊन फिरायचा. झाडायला नव्हे, गिटार म्हणून. तिच्या दांड्यावर बोटे नाचवत तो तासन्तास बसे. शाळेतल्या एका समाजसेविकेच्या हे ध्यानात आले. गरीब मुलांसाठी असलेल्या निधीतून याला गिटार घेऊन द्यावी, नाही तर त्याच्या मनावर परिणाम होईल, असे तिने लिहून कळवले. पैसे मंजूर झाले नाहीत. बापानेही गिटार घेऊन दिली नाही. म्हणजे एका गरीब पोराच्या डोक्यात काय चालले आहे हे कळणारे माणूस व्यवस्थेत होते. त्या माणसाचे ऐकणारी व्यवस्था नव्हती!

पुढे १९५७ साली बापाबरोबर एका म्हाताऱ्या बाईच्या घरातला कचरा उपसताना त्याला एक युकुलेली सापडली. हे गिटारीसारखे पण छोटे वाद्य. त्याला तार एकच उरली होती. बाईने ते ठेवून घे म्हटले. त्या एका तारेवर जिमी रेडिओवरची गाणी कानाने ऐकून एकेक स्वर शोधू लागला. नंतर १९५८ साली पाच डॉलरची जुनी लाकडी गिटार आली आणि १९५९ साली बापाने पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. गुरू नाही, वर्ग नाही, पुस्तक नाही. नोटेशन वाचणे त्याला अखेरपर्यंत आले नाही. शेजारपाजारचे वाजवणारे आणि मडी वॉटर्स, बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ यांच्या तबकड्या, हेच त्याचे गुरुकुल.

त्यातून तो डावखुरा. डाव्या हाताच्या गिटारी दुर्मीळ आणि महाग. म्हणून तो उजव्या हाताची गिटार उलटी धरी, तिच्या तारा काढून उलट्या क्रमाने पुन्हा लावी आणि वाजवी. आजही त्याची चित्रफीत पाहून शिकणाऱ्याला सगळे आरशात पाहिल्यासारखे दिसते. जे वाद्य त्याच्यासाठी बनलेलेच नव्हते, ते त्याने आपल्यासाठी बनवून घेतले.

१९६१ साली चोरीच्या मोटारीत बसलेला म्हणून पोलिसांनी त्याला दोनदा पकडले. तुरुंग की सैन्य, एवढाच पर्याय होता. ३१ मे १९६१ रोजी तो सैन्यात भरती झाला आणि विमानातून उड्या मारणाऱ्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये गेला. केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल छावणीत त्याने बापाला पत्र लिहून गिटार मागवून घेतली. तिथेच बिली कॉक्स हा बास गिटार वाजवणारा काळा जवान त्याला भेटला. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. १९६२ साली सैन्याने त्याला सोडले आणि दोघे टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिलला व तिथून नॅशव्हिलला गेले.

इथून त्याची खरी शाळा सुरू झाली. तिचे नाव चिटलिन सर्किट. दक्षिणेत त्या काळी काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात, नाट्यगृहात पाऊल टाकता येत नसे. काळ्या कलावंतांनी काळ्या प्रेक्षकांसमोर गायचे ती वेगळी नाट्यगृहे, वेगळे गुत्ते, वेगळे रस्ते. या साखळीला चिटलिन सर्किट म्हणत. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. गुलामगिरीच्या काळात मालकाने चांगले मांस घेतल्यावर गुलामांच्या वाट्याला जे उरे त्यातला हा भाग. त्यांनी तो धुऊन, शिजवून चविष्ट केला. वजडी खाऊन वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

या सर्किटवर जिमीने सुमारे चार वर्षे काढली. रोज वेगळे गाव, वेगळा मंच, तुटपुंजा पैसा, कधी तोही नाही. तमाशाच्या फडात मागे उभ्या राहणाऱ्या साथीदाराला जशी प्रत्येक गायकाची नस ओळखावी लागते, तशी यालाही ओळखावी लागली. आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड, आइक आणि टीना टर्नर अशा नामवंतांच्या मागे त्याने साथ केली. १९६४ साली न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात हौशी कलावंतांच्या स्पर्धेत पहिला आला. साथीदाराने मुख्य गायकापेक्षा जास्त चमकू नये हा तिथला नियम. तो याला जमला नाही. उशिरा येणे, कपडे, मंचावरच्या करामती यांवरून लिटल रिचर्डशीही त्याचे बिनसले आणि नोकरी सुटली.

आता गाण्याकडे येऊ. पर्पल हेझ शिकणाऱ्याला पहिल्या काही क्षणांतच एक विचित्र खेच जाणवते. बास गिटार ज्या स्वरावर ठोके देते तो आपला सा मानला, तर वरची गिटार त्याच्यावर तीव्र मध्यम आपटते. हे दोन स्वर एकत्र वाजले की कानाला स्वस्थता मिळत नाही. युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्राने या अंतराला सैतानाचे नाव देऊन ठेवले होते. ज्याला शास्त्राने बदनाम केले, त्याच स्वरांना हेंड्रिक्सने दारात उभे केले आणि सांगितले, आत यायचे तर यांच्यामधूनच यावे लागेल.

त्यानंतर ती प्रसिद्ध धून येते. स्वर मोजके, बहुतेक पाचच. पण तार बोटाने ओढून स्वर वर चढवायचा असतो, आपल्या मींडेसारखा. नवशिक्याची तार एक तर कमी ओढली जाते, नाही तर जास्त. बोटाचे टोक सोलवटते. हे जमायला आठवडे लागतात आणि तेव्हा कळते की याने एका तारेवर जी वर्षे काढली ती फुकट गेली नव्हती.

पुढे ती कॉर्ड, जिला आज जगभरचे गिटारवाले हेंड्रिक्स कॉर्ड म्हणूनच ओळखतात. सगळ्यात जाड तार मोकळी, पाचवी तार सातव्या पडद्यावर, चौथी सहाव्या, तिसरी सातव्या आणि दुसरी आठव्या. बोटांची अशी मूठ वळते की करंगळी आधी दुखते. या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आणि कोमल गंधार एकाच वेळी वाजतात. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबात एक आनंदाचा आणि एक दुःखाचा. यातला एक निवडा, असे पुस्तक सांगते. पण कापसाच्या शेतांतून आणि चर्चमधून आलेला काळ्यांचा गळा या दोन गंधारांच्या मध्येच कुठेतरी गात आला. पियानोच्या पट्ट्यांत तो स्वर नव्हता. म्हणून ब्लूज आणि जॅझ वाजवणाऱ्यांनी दोन्ही स्वर एकत्र दाबून तो जवळ आणला. ही कॉर्ड हेंड्रिक्सने शोधली नाही. त्याच्या आधी कित्येकांनी ती वाजवली होती. त्याने ती गाण्याच्या मधोमध आणून बसवली. शिकणाऱ्याची बोटे त्या पडद्यांवर पडतात तेव्हा नकळत ती त्या सगळ्यांच्या हाताला हात लावत असतात.

त्यानंतरच्या दोन कॉर्डना तो अंगठा वापरी. मानेच्या मागून अंगठा वर आणून जाड तार दाबायची आणि बाकीची बोटे वरच्या सजावटीला मोकळी ठेवायची. गिटारच्या शास्त्रोक्त वर्गात असा अंगठा चढवलेला चालत नाही. पण एकट्या गिटारवर खालचा ठेका आणि वरची नक्षी दोन्ही सांभाळायची, तर हाच मार्ग होता. कितीतरी साथीदारांनी तो आधी चोखाळलेला होता. शास्त्राला जे अशुद्ध वाटते ते कित्येकदा गरजेने घडवलेले शहाणपण असते.

१९६५ साली न्यू यॉर्कमध्ये उपासमार चाललेली असताना त्याने एड चॅल्पिन नावाच्या व्यावसायिकाच्या करारावर सही केली. मोबदला आगाऊ एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का. मुदत तीन वर्षे. एक डॉलर! हा कागद पुढे कुठे नडला ते लवकरच दिसेल. १९६६ च्या उन्हाळ्यात तो ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे व्हा येथे स्वतःचा ताफा घेऊन वाजवू लागला. तिथे अ‍ॅनिमल्स या इंग्लिश बँडचा चॅस चँडलर त्याला ऐकायला आला आणि २४ सप्टेंबर १९६६ रोजी त्याला घेऊन लंडनला उतरला. आठवड्याभरात, १ ऑक्टोबरला, एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या बँडबरोबर तो मंचावर चढला आणि त्याने हाउलिन वुल्फचे गाणे वाजवले. लंडनच्या गोऱ्या तरुणांनी काळ्यांचे ब्लूज तबकड्यांवरून शिकले होते. आज त्या परंपरेतला माणूस समोर उभा होता. क्लॅप्टन मंचावरून निघून आत गेला, इतका तो हादरला.

मिच मिचेल आणि नोएल रेडिंग हे दोन गोरे साथीदार घेऊन एक्स्पिरियन्स हा त्रिकुटाचा बँड झाला. पर्पल हेझचे शब्द त्याने २६ डिसेंबर १९६६ रोजी लंडनच्या अपर कट क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत लिहिले. ध्वनिमुद्रण ११ जानेवारी १९६७ पासून सुरू झाले. शब्दांमागे समुद्राखालून चालण्याचे स्वप्न होते असे तो सांगे. विज्ञानकथा वाचण्याचा त्याला नाद होता. लोकांनी मात्र त्यात एलएसडीच पाहिली. आणि गाण्याच्या शेवटाकडे गिटारचा तो किंकाळीसारखा आवाज? तो रॉजर मेयर या तंत्रज्ञाने बनवलेल्या ऑक्टेव्हिया नावाच्या उपकरणाचा. हे उपकरण वाजवलेल्या स्वराला वरच्या सप्तकाची जोड देते. हा मेयर आधी ब्रिटिश नौदलाच्या खात्यात काम करी. नशा नव्हे, विद्युतशास्त्र! अमेरिकेतल्या कंपनीकडे फीत पाठवताना हा फाटका आवाज मुद्दाम केलेला आहे, दुरुस्त करू नये, अशी सूचना लिहावी लागली होती.

इंग्लंडमध्ये गाणे तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या स्वतःच्या देशात ६५ व्या क्रमांकावर अडकले. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले खरे, पण कसे? बोर्निओच्या जंगलातून आलेला रानटी माणूस म्हणून. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या महोत्सवात त्याने मंचावर गिटार जाळली आणि तो अमेरिकेत रातोरात गाजला. तेव्हापासून लोक आगीची वाट पाहू लागले. दाताने वाजव, पाठीमागे धरून वाजव! या करामती चिटलिन सर्किटच्या जुन्या वादकांच्या होत्या, तिथे त्या पोट भरण्याच्या होत्या. इथे त्याच त्याच्या गळ्यातला फास झाल्या. ऐकणारे कमी आणि पाहणारे जास्त झाले.

१८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या चिखलात बहुतेक लोक घरी निघून गेल्यावर तो वाजवायला उभा राहिला. त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत नुसत्या गिटारवर असे वाजवले की त्यात बाँब, विमाने आणि किंकाळ्या ऐकू आल्या. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि हा स्वतः जवान राहिलेला होता. राष्ट्रगीत संपताच, मध्ये न थांबता, त्याने पर्पल हेझ सुरू केले. ज्याला अजूनही हे गाणे धुंदीचे वाटते, त्याने ते या क्रमाने एकदा ऐकावे.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबर १९६९ रोजी, तो हार्लेमच्या रस्त्यावर आपल्या लोकांसाठी फुकट वाजवायला गेला. सुरुवातीला स्वागत थंड होते, मंचाकडे वस्तूही फेकल्या गेल्या. काळ्या श्रोत्यांची रेडिओ केंद्रे त्याला फारशी वाजवत नसत. गोऱ्यांना तो रानटी आणि आपल्यांना तो गोऱ्यांचा! दोन्हीकडून परका ठरण्याचे हे दुःख वर चढून गेलेल्या पहिल्या पिढीला चांगले ठाऊक असते. तरी तो वाजवत राहिला. वर्षअखेरीस बिली कॉक्स आणि बडी माइल्स या दोन काळ्या साथीदारांना घेऊन त्याने बँड ऑफ जिप्सीज उभा केला. न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये मशीन गन हे युद्धाविरुद्धचे गाणे वाजवले. आणि या ध्वनिमुद्रणाची तबकडी कुणाच्या पदरात गेली? त्या एक डॉलरच्या करारावरून झालेल्या दाव्याच्या तडजोडीत!

१८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये तो गेला. वय सत्तावीस. झोपेच्या गोळ्यांच्या अंमलाखाली उलटी श्वासनलिकेत जाऊन मृत्यू आला. मृत्यू नेमका कोणत्या हेतूने वा अपघाताने, यावर चौकशीत निश्चित निर्णय दिला गेला नाही. तो अमली पदार्थ घेत होता, हे आम्ही झाकणार नाही. नशेने त्याला संगीत दिले नाही; दिले ते त्याच्या संगीताला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पूर्णविराम! गिटार घेणाऱ्या पोरांनी त्याची ही एक गोष्ट सोडून बाकी सगळी घ्यावी. मृत्यूपूर्वी जेमतेम तीन आठवडे आधी त्याचा स्वतःचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ न्यू यॉर्कमध्ये सुरू झाला होता. दुसऱ्याच्या दारात तास मोजून ध्वनिमुद्रण करणारा माणूस प्रथमच मालक होऊ पाहत होता.

त्याच्या संगीताचे हक्कही वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या हाती राहिले. बागकाम करणाऱ्या म्हाताऱ्या अ‍ॅलला ते कोर्टात भांडून १९९५ साली परत मिळाले. गाणे जगाचे झाले तरी त्याची मालकी मिळवायला बापाला मुलाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे थांबावे लागले.

आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराला गिटार शिकावीशी वाटली तर त्याने हे गाणे जरूर घ्यावे. घाई करू नये. आधी एकाच तारेवर धून काढावी, मग ती कॉर्ड, मग अंगठा. बोटे दुखतील, पंधरा दिवस आवाज भिकार येईल, मग एक दिवस बरा येईल. त्या दिवशी कुणी म्हणाले की याच्या हातात देवाची देणगी आहे, तर त्याला नम्रपणे थांबवावे. सांगावे की केरसुणीपासून पर्पल हेझपर्यंत दहा-बारा वर्षे लागली होती आणि त्यातला एकही दिवस देवाने वाजवला नव्हता.